आधुनिक ब्रिटिश इतिहासाचे संशोधन : मंचर–जुन्नर परिसर

ब्रिटनच्या अठराव्या शतकापासूनच्या राजकीय, आर्थिक व सामाजिक घडामोडींच्या अभ्यासाला सामान्यपणे आधुनिक ब्रिटिश इतिहास असे म्हणतात. औद्योगिक क्रांती, संसदीय सुधारणा, कामगार चळवळ, दोन महायुद्धे आणि कल्याणकारी राज्याची उभारणी हे त्याचे परंपरागत विषय होत. साम्राज्याचा इतिहास ही प्रदीर्घ काळ त्याची एक अलग शाखा मानली जात असे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र ही विभागणी हळूहळू मागे पडली. ब्रिटनमधील अर्थशास्त्रीय सिद्धांत, सांख्यिकी, वनस्पतिशास्त्र, महसूलव्यवस्था व कापड उद्योग यांचा इतिहास वसाहतींतील अनुभव वगळून पुरतेपणी सांगता येत नाही, हे अनेक अभ्यासकांनी दाखवून दिले. या दृष्टीने पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील जुन्नर व आंबेगाव हे तालुके अभ्यासकांना विशेष उपयुक्त आहेत. या प्रदेशाविषयीची ब्रिटिशकालीन कागदपत्रे लंडन, मुंबई व पुणे येथे विखुरलेली असून त्यांपैकी इंग्रजी कागदपत्रांचा उपयोग बराच झाला आहे. मराठी, विशेषतः मोडी लिपीतील, कागदपत्रांचा त्या मानाने फारच थोडा झाला आहे.

परिसर व ब्रिटिश अंमल : मंचर हे पुण्याच्या उत्तरेस सु. ६० कि.मी. अंतरावर, पुणे–नासिक रस्त्यावर वसलेले बाजारपेठेचे गाव आहे. ते आंबेगाव तालुक्यात मोडत असले, तरी तालुक्याचे मुख्य ठिकाण घोडेगाव हे होय. पश्चिमेस सह्याद्रीचा डोंगराळ, भरपूर पावसाचा व महादेव कोळी वस्तीचा भाग आणि पूर्वेस घोड नदीच्या खोऱ्यातील कमी पावसाचा, काळ्या व मुरमाड जमिनीचा सपाट प्रदेश, अशी या तालुक्याची दुहेरी रचना आहे. उत्तरेकडील जुन्नर तालुक्यातही हीच स्थिती आढळते. ब्रिटिश अमदानीत मंचर व घोडेगाव ही गावे खेड तालुक्यात समाविष्ट होती व आंबेगाव हा त्या तालुक्याचा पेठा होता. मूळ आंबेगाव हे गाव पुढे डिंभे धरणाच्या जलाशयात बुडाले.

नोव्हेंबर १८१७ मध्ये खडकीच्या लढाईनंतर पुणे इंग्रजांच्या ताब्यात आले. पुढील वर्षी जुन्नर परिसरातील शिवनेरी, हडसर, चावंड व जीवधन हे किल्लेही त्यांनी घेतले. माउंट स्ट्यूअर्ट एल्फिन्स्टन याच्याकडे जिंकलेल्या मुलखाची व्यवस्था सोपविण्यात आली. त्याचा १८१९ चा अहवाल हा या प्रदेशाच्या ब्रिटिशकालीन इतिहासाचा पायाभूत दस्तऐवज मानला जातो. पाटील, कुलकर्णी, देशमुख इ. वतनदारांची जुनी चौकट शक्यतो न मोडता कारभार चालवावा, असे त्याचे धोरण होते. या धोरणाचा व त्याच्या मर्यादांचा साधार अभ्यास केनेथ बॅलहॅचेट याने सोशल पॉलिसी अँड सोशल चेंज इन वेस्टर्न इंडिया (१९५७) या ग्रंथात केला.

संशोधनाची वाटचाल : ब्रिटनमध्ये साम्राज्याच्या इतिहासाला विद्यापीठीय प्रतिष्ठा मिळवून देण्यात जॉन रॉबर्ट सीली याच्या द एक्स्पॅन्शन ऑफ इंग्लंड (१८८३) या व्याख्यानसंग्रहाचा वाटा मोठा आहे. तथापि त्यात व त्यानंतरच्या बहुतेक ग्रंथांत वसाहतींतील प्रजेला दुय्यम स्थान होते. दुसऱ्या महायुद्धानंतर सामाजिक इतिहासाला महत्त्व आले. पास्ट अँड प्रेझेंट हे नियतकालिक १९५२ मध्ये सुरू झाले. ई. पी. टॉम्पसन याचा इंग्लिश कामगारवर्गाच्या घडणीवरील ग्रंथ १९६३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यामुळे सामान्य माणसांचा इतिहास सरकारी कागदपत्रांतूनच, पण वेगळ्या नजरेने वाचण्याची पद्धत रूढ झाली. भारतात याच सुमारास मार्क्सवादी व राष्ट्रवादी इतिहासलेखनातून शेतकऱ्यांच्या उठावांकडे लक्ष वेधले गेले. रणजित गुहा यांच्या संपादनाखाली १९८२ पासून निघालेल्या सबॉल्टर्न स्टडीज या ग्रंथमालेने वसाहतकालीन अधिकाऱ्यांच्या लेखनशैलीचीच चिकित्सा केली. ज्या कागदांत शेतकरी ‘दंगेखोर’ म्हणून नोंदला गेला, ते कागद उठाव मोडण्यासाठी लिहिलेले होते, ही गोष्ट वाचकाने सतत ध्यानात ठेवली पाहिजे, असे गुहा यांचे प्रतिपादन होते.

१९८० नंतर ब्रिटनमध्ये जॉन मॅकेंझी याने साम्राज्याचा ब्रिटिश लोकसंस्कृतीवरील प्रभाव हा विषय पुढे आणला. पी. जे. केन व ए. जी. हॉपकिन्स यांनी साम्राज्यविस्ताराचे मूळ लंडनमधील वित्तव्यवहारात शोधले (१९९३). कॅथरिन हॉल हिने सिव्हिलायझिंग सब्जेक्ट्स (२००२) या ग्रंथात इंग्लंडमधील मध्यमवर्गाची जाणीव वसाहतीच्या संबंधांतून कशी घडली, हे दाखविले. युनिव्हर्सिटी कॉलेज, लंडन येथे गुलामांच्या मालकांना मिळालेल्या नुकसानभरपाईच्या नोंदींवर झालेला प्रकल्पही याच दिशेचा आहे. विसाव्या शतकाच्या ब्रिटिश इतिहासाला वाहिलेले नियतकालिक २०२४ पासून मॉडर्न ब्रिटिश हिस्टरी या नावाने निघू लागले.

जमीनमहसुलाचे प्रयोग : ब्रिटिश विचारांचा इतिहास आणि पुणे जिल्ह्यातील शेते यांचा सर्वांत थेट संबंध महसूलव्यवस्थेत दिसून येतो. डेव्हिड रिकार्डो याच्या खंडसिद्धांतानुसार जमिनीचा खंड म्हणजे लागवडीचा खर्च व भांडवलावरील नेहमीचा नफा वजा जाता उरणारे आधिक्य होय. हे आधिक्य कोणाच्या श्रमाचे फळ नसल्याने ते राज्याने घेतल्यास शेतीचे नुकसान होणार नाही, असे जेम्स मिल याचे मत होते. मिल हा लंडनमध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या कचेरीत वरिष्ठ पदावर काम करीत असल्यामुळे या मताला धोरणाचे रूप येऊ शकले. इंग्लंडमध्ये जमीनदारवर्ग संसदेत प्रबळ असल्याने तेथे हा सिद्धांत अमलात येणे अशक्य होते. पुणे जिल्ह्यात असा अडथळा नव्हता. एरिक स्टोक्स याने द इंग्लिश युटिलिटेरियन्स अँड इंडिया (१९५९) या ग्रंथात हा संबंध प्रथम विस्ताराने उलगडून दाखविला.

रॉबर्ट कीथ प्रिंगल या तरुण अधिकाऱ्याकडे १८२० नंतरच्या दशकात पुणे जिल्ह्याच्या पाहणीचे काम देण्यात आले. तो हेलीबरी येथील कंपनीच्या महाविद्यालयात शिकलेला होता. तेथे टॉमस माल्थस हा अर्थशास्त्राचा प्राध्यापक होता. प्रिंगलने जमिनीचे प्रकार पाडले, प्रत्येक प्रकाराचे स्थूल उत्पन्न व लागवडीचा खर्च ठरविला आणि निव्वळ उत्पन्नाच्या ५५ टक्के इतका सारा आकारला. कागदावर ही पद्धत निर्दोष होती. प्रत्यक्षात बैल, बी-बियाणे व मजुरी यांचा खर्च गावोगावी वेगळा होता. मोजणीत चुका झाल्या, खालच्या कर्मचाऱ्यांनी लाच घेऊन प्रती बदलल्या आणि त्याच काळात धान्याचे भाव घसरले. सारा न झेपल्याने अनेकांनी जमिनी सोडल्या व काही वर्षांतच ही पद्धत गुंडाळावी लागली.

त्यानंतर एच. ई. गोल्डस्मिड व लेफ्टनंट जॉर्ज विंगेट यांनी १८३६ मध्ये इंदापूर येथून नवी पाहणी सुरू केली. त्यांनी निव्वळ उत्पन्नाचा हिशेब सोडून दिला. जमिनीची खोली व पोत पाहून आण्यांत तिची सापेक्ष प्रतवारी लावावी आणि पूर्वी प्रत्यक्ष वसूल झालेल्या रकमा, बाजाराचे अंतर, पाऊसमान इत्यादींचा विचार करून साऱ्याचा दर तीस वर्षांसाठी कायम करावा, अशी त्यांची रीत होती. १८४७ च्या संयुक्त अहवालाने या पद्धतीला निश्चित स्वरूप आले व ती मुंबई इलाख्यात सर्वत्र पसरली. ‘सर्व्हे नंबर’ ही तिचीच देणगी होय. एकत्रीकरणानंतर गट क्रमांक आले, तरी जुन्या नंबरांचा उल्लेख जमिनीच्या दाव्यांत वारंवार होतो. याच विंगेटने पुढे १८५९ मध्ये ब्रिटन व भारत यांच्या आर्थिक संबंधांवर पुस्तिका लिहून भारतातून ब्रिटनकडे जाणाऱ्या एकतर्फी रकमेवर टीका केली. तिचा आधार दादाभाई नौरोजी यांनी आपल्या निःसारणाच्या सिद्धांतासाठी घेतला. दख्खनच्या शेतांत सारा बसविणाऱ्या अधिकाऱ्याचे लेखन अशा रीतीने साम्राज्याच्या टीकेचे साधन बनले.

सांख्यिकीच्या इतिहासातही हा प्रदेश आढळतो. विल्यम हेन्री साइक्स हा १८२४ पासून मुंबई सरकारचा सांख्यिकी अधिकारी म्हणून दख्खनमध्ये फिरत होता. त्याने जमीनधारणा, लोकसंख्या, हवामान व प्राणिजीवन यांच्या नोंदी केल्या आणि जुन्नरच्या लेण्यांतील शिलालेखांविषयी लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात लिहिले. इंग्लंडला परतल्यावर तो लंडनच्या सांख्यिकी सोसायटीच्या संस्थापकांपैकी एक झाला व पुढे तिचा अध्यक्षही झाला. ब्रिटनमध्ये सामाजिक आकडेवारीचे शास्त्र रुजत असताना त्याच्या एका प्रमुख पुरस्कर्त्याची उमेदवारी जुन्नर–पुणे भागातील गावांत झाली होती, ही गोष्ट लक्षणीय आहे.

कर्ज, दंगे आणि त्यांचे अर्थ : नव्या साराव्यवस्थेने जमीन विक्रेय व तारणयोग्य केली, नव्या दिवाणी न्यायालयांनी सावकाराला हुकूमनाम्याचे साधन दिले. अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) कापसाचे भाव चढले व कर्ज सुलभ झाले. युद्ध संपताच भाव कोसळले. त्याच सुमारास तीस वर्षांची मुदत संपून साऱ्याची फेरआकारणी सुरू झाली. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर हल्ला करून कर्जखते जाळली व दंग्यांचे लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत पसरले. चौकशीसाठी सरकारने आयोग नेमला. त्याच्या अहवालानंतर १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य अधिनियम संमत झाला व तो पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू करण्यात आला.

या दंग्यांच्या कारणांविषयी अभ्यासकांत दीर्घकाळ वाद आहे. रविंदर कुमार यांनी वेस्टर्न इंडिया इन द नाइन्टीन्थ सेंच्युरी (१९६८) या ग्रंथात उपयुक्ततावादी सुधारणांमुळे गावाची एकजूट मोडली व कुणबी आणि वाणी यांच्यातील समतोल ढळला, असे मत मांडले. नील चार्ल्सवर्थ याने १९७२ मधील लेखात दंग्यांचे महत्त्व फुगविले गेल्याचे प्रतिपादन केले. त्याच्या मते हिंसेचे प्रमाण मर्यादित होते व शेतीच्या इतिहासात १८७५ हे वळण मानण्यास पुरेसा आधार नाही. आय. जे. कॅटनाक याने १८७५ ते १९३० या काळातील ग्रामीण पतव्यवहाराचा व सहकाराचा अभ्यास केला (१९७०). रणजित गुहा यांनी या दंग्यांत शेतकऱ्यांची स्वतंत्र राजकीय जाणीव पाहिली (१९८३). सुमित गुहा यांनी मुंबई दख्खनच्या शेतीचा १८१८ ते १९४१ असा दीर्घ आढावा घेतला (१९८५), तर डेव्हिड हार्डिमन याने सावकारीच्या सत्तेचे स्वरूप तपासले (१९९६).

या वादात एक जुना पुरावा महत्त्वाचा ठरतो. टॉमस कोट्स याने ब्रिटिश अंमल सुरू होताच हवेली तालुक्यातील लोणी या गावाची तपशीलवार पाहणी केली व ती १८२३ मध्ये प्रसिद्ध झाली. गावातील बहुतेक शेतकरी त्या वेळीही कर्जात होते, असे त्याने नोंदविले आहे. यावरून कर्जबाजारीपणा ब्रिटिशांनी प्रथमच आणला असे म्हणता येत नाही. बदलली ती कर्जाची वसुली करण्याची साधने. गो. स. घुर्ये यांनी सव्वाशे वर्षांनंतर याच लोणीकंदची पुन्हा पाहणी करून ग्रंथ प्रसिद्ध केला (१९६०). एकाच गावाच्या अशा दोन पाहण्या उपलब्ध असणे हे भारतात विरळा आहे. मंचर वा घोडेगाव भागातील एखाद्या गावाची अशी पाहणी महसुली दप्तरांच्या आधारे आजही करता येण्यासारखी आहे.

डोंगरातील उठाव : वरील सर्व चर्चा मुख्यतः भीमेच्या खोऱ्यातील सपाट प्रदेशावर आधारलेली आहे. आंबेगाव व जुन्नरच्या पश्चिम भागातील उठाव तीत क्वचितच येतात. पेशवाईत किल्ल्यांची व घाटांची राखण करणाऱ्या कोळी नाईकांचे हक्क ब्रिटिश अंमलात कमी झाले व शिबंदी मोडण्यात आली. कॅप्टन अलेक्झांडर मॅकिन्टॉश याने कोळ्यांचा बंडावा मोडण्याच्या मोहिमेत भाग घेतला आणि त्याच अनुभवावरून महादेव कोळी जमातीचा वृत्तांत लिहिला. जमातीविषयीचा पहिला विस्तृत ग्रांथिक आधार हा असा तिच्याविरुद्ध लढलेल्या अधिकाऱ्याच्या हातचा आहे.

१८३९ च्या आरंभी सह्याद्रीत पुन्हा उठाव झाला. भाऊ खरे, चिमणाजी जाधव व नाना दरबारे हे त्याचे पुढारी होते. निरनिराळ्या जातींचे लोक त्यात सामील झाले व पुढाऱ्यांनी आपण पेशव्यांच्या वतीने कारभार हाती घेतल्याचे जाहीर केले. घोडेगाव येथील महालकऱ्याच्या कचेरीवर व खजिन्यावर त्यांनी चाल केली. पण साहाय्यक कलेक्टर रोझ याने रात्रभर प्रतिकार केल्याने ती फसली. पुढे चोपन्न जणांना शिक्षा झाल्या. रामचंद्र गणेश गोरे व एक कोळी यांना फाशी देण्यात आले. गॅझेटिअरमधील वृत्तांतात गोरे यांचे नाव आहे, त्यांच्याबरोबर फाशी गेलेल्या कोळ्याचे नाही. न्यायालयीन कागदांत हे नाव शोधणे, हे स्थानिक इतिहासाचे एक साधे पण आवश्यक काम ठरेल.

यानंतर राघोजी भांगरे याने पुणे, अहमदनगर व नासिक या जिल्ह्यांच्या डोंगराळ भागात सावकारांविरुद्ध व सरकारविरुद्ध बंड पुकारले. १८४८ मध्ये त्याला ठाणे येथे फाशी देण्यात आले. १८७३ मध्ये पुणे जिल्ह्यातील जांभोरीच्या होनाजी भागोजी केंगले याने पुणे, अहमदनगर, नासिक व ठाणे जिल्ह्यांतील सावकारांवर हल्ले सुरू केले. सरकारने त्याच्यावर एक हजार रुपयांचे व त्याच्या साथीदारांवरही बक्षीस लावले. मेजर डॅनियल याने १८७६ मध्ये त्याला पकडले. म्हणजे सुप्याच्या दंग्याच्या आधी दोन वर्षे आणि नंतर एक वर्ष, आंबेगावच्या डोंगरात सावकारीविरोधी उठाव चालू होता. एकाच जिल्ह्यातील व एकाच काळातील या दोन घटनांपैकी एकीला ‘दंगे’ व दुसरीला ‘दरोडे’ असे नाव मिळाले. त्यानुसार एकीचे कागद महसूल खात्यात व दुसरीचे पोलीस आणि न्याय खात्यात गेले, आणि इतिहासकारही बहुधा त्या त्या दप्तराबरोबर वेगळे झाले. दोन्ही दप्तरे एकत्र वाचल्यास १८७५ च्या दंग्यांचे चित्र बदलण्याची शक्यता आहे.

वने व वनस्पतिशास्त्र : स्कॉटलंडमधून आलेला डॉ. अलेक्झांडर गिब्सन (१८००–६७) हा दापोडी येथील सरकारी वनस्पतिउद्यानाचा अधीक्षक व १८४७ पासून मुंबई इलाख्याचा वनसंरक्षक होता. जुन्नर तालुक्यातील नारायणगावजवळच्या हिवरे येथे त्याच्या देखरेखीखाली औषधी वनस्पतींची लागवड करण्यात आली. एन. ए. डाल्झेल याच्यासह त्याने लिहिलेला मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरील ग्रंथ १८६१ मध्ये निघाला. जंगलतोडीचा पाऊस व झरे यांवर होणारा परिणाम त्याने सरकारच्या नजरेस आणून दिला. रिचर्ड ग्रोव्ह याने ग्रीन इंपिरिॲलिझम (१९९५) या ग्रंथात वसाहतींतील अशा वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या लेखनात आधुनिक पर्यावरणविचाराची मुळे शोधली. गिब्सनने दापोडीच्या उद्यानात काढवून घेतलेली वनस्पतिचित्रे एडिंबरोच्या रॉयल बोटॅनिक गार्डनमध्ये जतन करण्यात आली असून त्यांवर एच. जे. नॉल्टी याने २००२ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. चित्रे काढणाऱ्या भारतीय चित्रकाराची मात्र ओळख पटलेली नाही.

वनसंरक्षणाच्या या इतिहासाला दुसरी बाजू आहे. १८७८ च्या वन अधिनियमानंतर राखीव जंगलांच्या सीमा आखल्या गेल्या. भातखाचरांसाठी राब भाजणे, गुरे चारणे, लाकूडफाटा व हिरडा गोळा करणे या डोंगरवस्तीच्या नित्य गरजांवर निर्बंध आले. सुमित गुहा यांनी एन्व्हायरन्मेंट अँड एथ्निसिटी इन इंडिया (१९९९) या ग्रंथात पश्चिम भारतातील डोंगरी जमाती व राज्यसत्ता यांच्या संबंधांचा दीर्घकालीन विचार केला आहे.

कागद, वाहतूक व कापड : जुन्नर हे हातकागदाचे जुने केंद्र होते. जुन्नरी कागद मराठी दप्तरांत मोठ्या प्रमाणावर वापरला गेला. ब्रिटिश काळात यंत्रनिर्मित स्वस्त कागद आल्यावर हा धंदा खालावला. जुन्नरच्या कागदी कारागिरांचा इतिहास ब्रिटनमधील कागदगिरण्यांच्या इतिहासाशी जोडून पाहिल्यास औद्योगिक क्रांतीचा एक दुर्लक्षित परिणाम स्पष्ट होईल. १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे सुरू झाल्यावर कोकण व देश यांना जोडणाऱ्या नाणेघाटासारख्या जुन्या वाटांचे महत्त्व ओसरले.

शेतीवर भागत नसल्याने आंबेगाव, जुन्नर व खेड भागांतील लोक मुंबईच्या गिरण्यांत, गोद्यांत व इतर कामांवर जाऊ लागले. मुंबईच्या डबेवाल्यांचा व्यवसायही मुख्यतः याच भागातील व मावळातील लोकांनी उभा केला. राजनारायण चंदावरकर यांनी द ओरिजिन्स ऑफ इंडस्ट्रियल कॅपिटॅलिझम इन इंडिया (१९९४) या ग्रंथात गिरणीकामगाराचे शहर व गाव या दोहोंशी असलेले नाते उलगडले. आंबेगाव तालुक्यातील महाळुंगे पडवळ येथे जन्मलेले बाबू गेनू सैद हे अशाच गिरणीकामगारांपैकी एक होते. १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत काळबादेवी भागात विदेशी कापड नेणारी मोटार अडवताना तिच्याखाली सापडून त्यांना हौतात्म्य प्राप्त झाले. पहिल्या महायुद्धापूर्वी ब्रिटनमधून भारतात वर्षाला सु. ३०० कोटी वार कापड येत असे. १९३० नंतर हा व्यापार झपाट्याने आकसला. जागतिक मंदी, जकातीचे नवे दर, जपानी कापडाची व भारतीय गिरण्यांची स्पर्धा आणि बहिष्कार ही त्याची कारणे होत. बासुदेव चॅटर्जी यांनी लँकाशर व ब्रिटिश धोरण यांवरील ग्रंथात (१९९२) यांतील राजकीय व आर्थिक धागे वेगळे करून दाखविले आहेत. लँकाशरमधील बंद पडलेल्या मागांचा इतिहास व महाळुंगे पडवळचा इतिहास हे एकाच घटनाक्रमाचे दोन भाग ठरतात.

साधने : ईस्ट इंडिया कंपनी व इंडिया ऑफिस यांचे दप्तर १९८२ पासून लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीकडे आहे. त्याने सु. १४ कि.मी. लांबीची फडताळे व्यापलेली आहेत. मुंबई सरकारने लंडनला पाठविलेल्या प्रकरणांच्या नकला त्यातील बोर्ड्स कलेक्शन या विभागात सापडतात. एल्फिन्स्टनची खासगी कागदपत्रेही याच ग्रंथालयात आहेत. केंब्रिज येथील दक्षिण आशियाई अभ्यासकेंद्रात भारतात नोकरी केलेल्या अधिकाऱ्यांच्या व त्यांच्या कुटुंबीयांच्या आठवणी, पत्रे व छायाचित्रे संगृहीत केलेली आहेत. मुंबई येथील राज्य पुराभिलेखागारात महसूल, न्याय व वन खात्यांची मूळ प्रकरणे मिळतात.

पुणे पुराभिलेखागारातील पेशवे दप्तर हे मराठी साधनांचे सर्वांत मोठे भांडार होय. १८५२ च्या अधिनियमाखालील इनाम चौकशीच्या निमित्ताने ब्रिटिशांनीच गावोगावचे कागद येथे आणविले. गो. स. सरदेसाई यांनी १९३० नंतर या दप्तरातील निवडक कागद ४५ खंडांत संपादित केले. पण त्यांचा भर राजकीय घडामोडींवर होता. प्रांत जुन्नरचे जमाबंदीचे हिशेब, झडत्या व निवाडे यांतील फार मोठा भाग अद्याप अप्रकाशित आहे. वि. का. राजवाडे यांच्या पुढाकाराने १९१० मध्ये स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाच्या संग्रहातही या भागातील घराण्यांचे कागद आहेत. जेम्स कॅम्बेल याच्या संपादनाखाली निघालेले पुणे जिल्ह्याचे गॅझेटिअर (तीन भाग, १८८५) हे सर्वांत सोयीचे छापील साधन आहे. मात्र त्यातील उठावांचे वृत्तांत पोलिसांच्या अहवालांवर आधारलेले आहेत, हे विसरता येत नाही. त्रिं. ना. आत्रे यांचा गावगाडा (१९१५) हा ग्रंथ ब्रिटिश अमदानीतील गावाकडे मराठी अधिकाऱ्याच्या नजरेतून पाहतो.

अभ्यासाच्या संधी : या क्षेत्रात काम करू इच्छिणाऱ्यांसाठी काही संस्थात्मक मार्ग उपलब्ध आहेत. भारतीय इतिहास अनुसंधान परिषद (स्थापना १९७२) संशोधनवृत्ती देते. ब्रिटनमधील दप्तरे पाहण्यासाठी राष्ट्रकुल व चिव्हनिंग शिष्यवृत्त्या आणि चार्ल्स वॉलेस इंडिया ट्रस्टचे अल्पमुदतीचे अनुदान यांचा उपयोग होतो. लंडन विद्यापीठातील इतिहास संशोधन संस्थेत (स्थापना १९२१) चालणारी चर्चासत्रे बाहेरील अभ्यासकांनाही खुली असतात. जुनी गॅझेटिअरे, संसदीय अहवाल व कंपनीकालीन प्रकाशने यांचे संगणकीकरण बऱ्याच प्रमाणात झाल्याने लंडनला न जाताही प्राथमिक काम करता येते.

खरी उणीव वेगळ्या ठिकाणी आहे. संगणकावर आलेले बहुतेक साहित्य इंग्रजी व छापील आहे. मोडी हस्तलिखिते वाचणारे थोडे आहेत. राज्य पुराभिलेख संचालनालय व काही संस्था मोडीचे वर्ग चालवितात; परंतु मोडी शिकलेल्यांना महसुली परिभाषा व ब्रिटिश प्रशासनाचा इतिहास यांची जोड मिळाली, तरच ते ज्ञान संशोधनास उपयोगी पडते. याउलट, परदेशी विद्यापीठांत तयार झालेल्या अभ्यासकांना इंग्रजी दप्तराची उत्तम माहिती असूनही मराठी कागदापाशी थांबावे लागते. दोन्ही दप्तरे वाचू शकणारा अभ्यासक हा आज या विषयाची सर्वांत मोठी गरज आहे.

या कामाला काळाची मर्यादाही आहे. कुलकर्णी व देशपांडे घराण्यांतील दप्तरे वाडे पाडताना नष्ट होतात किंवा वाळवीला बळी पडतात. डिंभे धरणामुळे हललेल्या वस्त्यांबरोबर सीमा, देवस्थाने व वाटा यांविषयीची स्थानिक माहितीही विखुरली. डोंगरी भागातील उठावांच्या मौखिक आठवणी सांगणारी वृद्ध पिढी कमी होत आहे. सरकारी वृत्तांताला पडताळून पाहण्याचे हे दुसरे साधन एकदा गेले, की घोडेगावचा उठाव, होनाजीचे बंड वा जुन्नरच्या कागदी कारागिरांचा ऱ्हास यांविषयी इंग्रज अधिकाऱ्यांनी जे लिहिले, तेवढेच शिल्लक राहील. स्थानिक महाविद्यालयांनी गावनिहाय कागदपत्रांच्या याद्या करणे, खासगी दप्तरांची छायाचित्रे घेणे आणि मौखिक माहिती नोंदवून ठेवणे, ही कामे अल्प खर्चात होण्यासारखी आहेत व त्यांचा उपयोग जिल्ह्याच्या इतिहासाइतकाच ब्रिटनच्या इतिहासालाही होईल.